परत आलेला सरनौबत

जयपुरात वर्षानुवर्षं राहणाऱ्या मराठी माणसाला एक गोष्ट हळूहळू उमगत जाते. आपल्या इतिहासातली पलीकडची बाजू इथं घरची असते. शाळेच्या पुस्तकातला मिर्झाराजा पुरंदरच्या पायथ्याशी तोफा लावून बसलेला असतो, त्याच्या नावासरशी 23 किल्ले गेल्याची कळ अजून उठते. इथं तो कुणाचा तरी पूर्वज आहे. आमेरच्या महालात जयमंदिराच्या भिंतींवर ज्या लहान लहान काचा चमकतात, त्या त्याच्या काळातल्या. लोक मेणबत्तीच्या एका ज्योतीच्या हजार ज्योती कशा होतात ते बघायला तिथं गर्दी करतात. मी तिथं गेले की मला मात्र तो राजा या महालात फारसा राहिलाच नाही, हे आठवत राहतं. त्याचं आयुष्य छावण्यांत गेलं, आणि 1667 च्या ऑगस्टात तो गेला तोही आपल्या डोंगरांपासून लांब, बुऱ्हाणपुरात.

श्रावणात आमेर बघावं. अरवली एरवी करडी, खरबरीत. पण दोन सरी पडल्या की तिच्यावर असा हिरवा येतो की कोकणातल्या माणसालाही क्षणभर आपल्या गावचा भास व्हावा. खाली मावठा तलाव भरत आलेला असतो. अशा वेळी वरच्या तटावर उभं राहून मी मिर्झाराजाचा विचार करते आणि त्याच्यामागून हटकून येतो तो नेताजी पालकर. या तटावर त्याचं पाऊल लागलं होतं म्हणून नाही. त्याचं आयुष्य ज्या हातानं फिरवलं तो हात इथला होता, म्हणून.

मिर्झाराजांचा मुन्शी उदयराज. त्यानं धन्यासाठी लिहिलेली फारसी पत्रं ‘हफ्त अंजुमन’ या नावानं एकत्र आली आहेत. दख्खनच्या स्वारीचा बारीकसारीक हिशेब त्यांत आहे. त्या पत्रांत माणसं आकड्यांनी येतात. कुणाला किती हजारी मनसब, कुणाला किती रोख, कुणाचा कोण नातलग आपल्याकडे वळवता येईल. राजकारण करणाऱ्याची ती भाषाच आहे. नेताजीच्या वाट्याला आलेला आकडा असा: पाच हजारी मनसब, चांगल्या मुलखात जहागीर आणि रोख 38,000 रुपये. मार्च 1666.

तोवर नेताजी म्हणजे मराठी फौजेचा सरनौबत. अफजलखान पडला त्या दिवशी जावळीच्या रानात खानाच्या फौजेवर तुटून पडलेला. लोक त्याला प्रतिशिवाजी म्हणत, आणि हे बिरुद फुकटचं नव्हतं. शिवाजी महाराज एका बाजूला गुंतले की दुसऱ्या बाजूला नेताजीच्या घोड्यांच्या टापा शत्रूला ऐकू येत. पुरंदरच्या तहानंतर महाराज आणि नेताजी दोघेही मिर्झाराजाच्या छावणीत, विजापूरच्या मोहिमेवर होते. कालपर्यंत ज्याच्याशी लढलो त्याच्याच निशाणाखाली. जानेवारी 1666 मध्ये महाराजांनी पन्हाळ्यावर रात्रीचा हल्ला केला, तो फसला, माणसं कापली गेली. नेताजी वेळेवर पोचला नाही. महाराजांनी त्याला बोल लावला आणि सरनौबती काढून घेतली.

वेळेवर न पोचणं. एवढाच गुन्हा. रात्र, डोंगर, थकलेली घोडी, चुकलेली वाट, यांतलं काय घडलं असेल ते असो. गडाच्या पायथ्याशी मेलेल्या माणसांना त्याचा उपयोग नव्हता, आणि ज्यानं त्यांना तिथं नेलं त्या राजाच्या रागाला कारण होतं. पण त्यानंतर नेताजी विजापूरकरांकडे गेला आणि तिथून, मिर्झाराजानं सगळ्या मागण्या मान्य केल्यावर, मोगलांकडे. इथपर्यंत त्याची बाजू घेणं मला जमत नाही. पायात बेडी नव्हती, समोर पिंजरा नव्हता. मान दुखावला म्हणून घर सोडून गेलेला तो एक मोठा माणूस होता, आणि मोठ्या माणसाचं रुसणं राज्याला महाग पडतं. फितूर हा शब्द त्याला त्या दिवसांत कुणी लावला असेल तर मी तो पुसायला जाणार नाही.

त्याची खरी गोष्ट सुरू होते ती नंतर.

त्याच मार्चच्या सुरुवातीला महाराज आग्र्याला निघाले होते. मे महिन्यात दरबार झाला, अपमान झाला, पहारे बसले. आणि 17 ऑगस्टला महाराज निसटले. बातमी फुटल्याबरोबर औरंगजेबाला पहिली भीती वाटली ती ही, की दख्खनमध्ये मोगली छावणीत बसलेला नेताजी आता धन्याला जाऊन मिळेल. हुकूम सुटला. ऑक्टोबरात बीड-धारूरच्या परिसरात त्याला धरलं. ज्या मिर्झाराजानं पाच हजारी देऊन त्याला बोलावलं होतं त्याच्याच मार्फत ही धरपकड झाली. म्हणजे नेताजीनं मोगलांची चाकरी पत्करली तेव्हा तो मोकळा होता आणि मोगलांनी त्याला कैद केलं ते तो त्यांचा चाकर असताना. महाराजांना सोडून गेला म्हणून इकडे दोषी, आणि महाराजांचा उरला असेल या संशयानं तिकडे दोषी. दोन्हीकडून एकाच वेळी अविश्वासू ठरलेला माणूस किती एकटा असेल!

त्याला उत्तरेत नेलं. काही महिने तो कैदेत होता. 1667 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यानं मुसलमान व्हायला होकार दिला. महंमद कुलीखान झाला. तीन हजारी मनसब मिळाली. आदल्या वर्षीच्या पाच हजारीपेक्षा कमी, कारण आता सौदा करण्याची ताकद त्याच्या हातात नव्हती. त्याच्या बायकांना दक्षिणेतून आणवलं आणि नव्या धर्माच्या रीतीनं त्यांच्याशी पुन्हा लग्न लावलं.

या शेवटच्या गोष्टीवर मी नेहमी अडखळते. नेताजीचं धर्मांतर इतिहासात एका वाक्यात उरकतं, त्या बायकांचं अर्ध्या. चौक-खालापूरच्या मुलखातल्या त्या बाया. नर्मदा ओलांडताना त्यांना काय सांगितलं असेल? नवरा जिवंत आहे, एवढंच? कपाळावरचं कुंकू कुठल्या मुक्कामाला पुसलं असेल? कैदी एकटा नसतो. त्याच्यावर दाब आणायचा तर त्याचं घर उचलून आणतात, हे औरंगजेबाच्या दरबाराला पक्कं ठाऊक होतं. आपल्या घरालाही हात पोचणार हे दिसलं की माणूस हो म्हणतो. त्या होकाराला मी फितुरी म्हणणार नाही. 1666 च्या मार्चमधला होकार त्याचा स्वतःचा होता, या होकारावर मात्र दुसऱ्याचा हात धरलेला आहे. दोहोंत वर्षभराचं अंतर आहे, पण न्याय करताना आपण दोन्ही एका ओळीत मांडतो.

पुढे त्याला काबूलच्या बाजूला धाडलं. वाटेत लाहोरहून पळायचा त्याचा प्रयत्न फसला. मग नऊ वर्षं. मावळातला घोडेस्वार अफगाणी डोंगरांत पठाणांशी लढत राहिला, धन्याचा विश्वास कमवत, किंवा कमावल्यासारखं दाखवत. सह्याद्रीत ज्याची लढाई पावसाच्या आणि झाडीच्या भरवशावर चाले, तो बर्फात. महाराजांनी गेलेले किल्ले पुन्हा घेतले, सिंहगड घेतला, राज्याभिषेक झाला. हंबीरराव सरनौबत झाले. यातलं त्याच्या कानांवर किती आणि केव्हा पडलं असेल, याचा विचार करताना माझ्या अंगावर काटा येतो.

इथं जयपूरच्या घरातली एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती मराठी वाचकाच्या मनात पुरेशी रुजलेली नाही. आग्र्यात महाराजांच्या वागणुकीची हमी घेतली होती ती मिर्झाराजाचा मुलगा रामसिंग यानं. बापानं दिलेला शब्द पोरगा पाळत होता. महाराजांना ठार करायचा विचार शिजू लागला तेव्हा तो आडवा आला. त्या दिवसांतली आग्र्याहून आमेरकडे गेलेली राजस्थानी पत्रं जयपूर संस्थानच्या दप्तरात जपली गेली, आणि पुढे जदुनाथ सरकार आणि रघुवीरसिंह यांनी ती उजेडात आणली. ती पत्रं हेर किंवा बखरकार यांची नाहीत. दरबारात उभं राहून जे दिसलं ते गावाकडे कळवणाऱ्या कारभाऱ्यांची आहेत. त्यांत महाराजांचा रंग, चेहरा, चालणं, दरबारातला संताप यांचं वर्णन आहे, आणि त्यात आदर लपत नाही. शत्रूच्या घरच्या माणसानं आपल्या राजाकडे असं डोळे भरून बघावं, हे वाचताना जयपूर मला आपलं वाटू लागलं.

महाराज निसटले आणि सगळं बालंट रामसिंगावर आलं. पहाऱ्यावरच्या माणसानंच कैद्याला वाट दिली, असा आरोप. रघुनाथपंत कोरडे आणि त्र्यंबकपंत डबीर ही महाराजांची दोन माणसं मागे सापडली. फुलादखान कोतवालानं त्यांचे हाल केले आणि रामसिंग यात सामील होता असं त्यांच्याकडून वदवून घेतलं. रामसिंगाला दरबार बंद झाला, त्याची मनसब गेली. दख्खनमध्ये म्हातारा मिर्झाराजा मुलावरच्या डागानं तळमळत होता. पुढे रामसिंगाला आसामच्या दूरच्या लढाईवर पाठवलं. कोरडे आणि डबीर काही महिन्यांनी सुटले आणि महाराजांनी त्यांना जवळच ठेवलं. कोतवालाच्या चाबकाखाली काय बोलले याचा जाब कुणी त्यांना विचारला असेल असं वाटत नाही. आणि ते बरोबरच होतं. कैदेत पिळून काढलेल्या शब्दाला मालक नसतो, हे रायगडाच्या धन्याला कळत होतं, कारण तो स्वतः कैदेत राहून आला होता. आजारी असल्याचं सोंग, औरंगजेबाला लिहिलेले नम्र अर्ज, मिठाईचे पेटारे, हे सगळं त्यानं पहाऱ्याखाली केलेलं. जो स्वतः असं वागून सुटला, तो दुसऱ्याच्या कैदेतल्या वागण्याकडे वेगळ्या नजरेनं बघतो.

म्हणूनच 1676 साली जे झालं ते होऊ शकलं. दिलेरखानाबरोबर दख्खनमध्ये पाठवलेला महंमद कुलीखान छावणीतून निघून रायगडावर आला. जेधे शकावलीत नोंद आहे: आषाढात नेताजी पालकरानं प्रायश्चित्त घेतलं, शुद्ध झाला. इंग्रजी तारखेनं 19 जून 1676. नोंद कोरडी आहे. पण दहा वर्षांपूर्वी ज्यानं सोडून जाऊन घाव घातला होता, ज्यानं नाव बदललं होतं, शत्रूच्या पगारावर नऊ वर्षं तलवार चालवली होती, त्याला ब्राह्मणांसमोर बसवून विधी करून घरात घेणं त्या काळात सोपं नव्हतं. महाराजांनी ते केलं.

पण सरनौबती त्याला परत मिळाली नाही. हंबीररावांच्या हातात ती होती आणि तिथंच राहिली. पुढची चार वर्षं महाराज होते, दक्षिण दिग्विजयासारखी प्रचंड मोहीम झाली, आणि या सगळ्यात नेताजी पालकर पहिल्या रांगेत कुठंही नाही. त्याला घर मिळालं, जात मिळाली, नाव मिळालं. जागा मिळाली नाही. मी याचा विचार करते तेव्हा महाराजांना दोष द्यावासा वाटत नाही आणि नेताजीसाठी जीव तुटायचाही थांबत नाही.

कैदेतल्या होकाराचा आणि परत येण्याचा हाच प्रश्न मला माहेराकडेही भेटतो. माझं माहेर सावंतवाडीच्या बाजूचं. तेरेखोलची नदी गोवा आणि सिंधुदुर्ग यांच्यामधून समुद्राला जाते. अलीकडे आमची गावं, पलीकडे पेडणे. अलीकडच्या तिरोड्यात 1906 साली जगन्नाथराव भोसले जन्मले. डेहराडूनच्या लष्करी शाळेत आणि मग सँडहर्स्टला शिकले. इंग्रजांनी ज्या मोजक्या हिंदी तरुणांना राजाची सनद देऊन अधिकारी केलं त्यांतले एक. 15 फेब्रुवारी 1942 ला सिंगापूर पडलं तेव्हा ते गढवाल रायफल्समध्ये लेफ्टनंट कर्नल होते, आणि त्या दिवसापासून युद्धकैदी.

दोन दिवसांनी फॅरर पार्कच्या मैदानात 40-45 हजार हिंदी सैनिकांना गोळा केलं. इंग्रज अधिकारी कर्नल हंट यानं ध्वनिक्षेपकावरून त्यांना जपान्यांच्या हवाली केलं. आता यांचं ऐका, असं सांगितलं आणि तो निघून गेला. गोरे अधिकारी वेगळे, हिंदी वेगळे. मग जपानी अधिकारी फुजिवारा बोलला, मग आझाद हिंद सेना उभी करणारे कॅप्टन मोहनसिंग. ज्या राजाची शपथ घेतली होती त्याच्या माणसानं भर मैदानात, उन्हात, गुरांसारखं दुसऱ्याच्या स्वाधीन करावं! त्या मैदानात काय तुटलं असेल ते नंतरच्या कुठल्याही न्यायालयाला मोजता आलं नसतं. हजारो तिथल्या तिथे आझाद हिंद सेनेत गेले. हजारो गेले नाहीत.

आपण हे सगळं सुभाषबाबूंच्या उजेडात वाचतो, आणि त्यामुळे एक फार कठीण काळ आपल्या नजरेतून सुटतो. जपानी लोक आपल्याला वापरताहेत हे ओळखून मोहनसिंगांनी त्यांचं ऐकायचं नाकारलं. डिसेंबर 1942 मध्ये त्यांना अटक झाली आणि पहिली सेना मोडली. सुभाषबाबू सिंगापुरात उतरले ते 2 जुलै 1943 ला. मधले सहा महिने काय? त्या दिवसांत सेनेचा लष्करी कारभार भोसल्यांकडे आला. पुढे कोण येणार, येणार की नाही, काही माहीत नव्हतं. जपान्यांवर विश्वास उरला नव्हता, इंग्रजांकडे परतायची वाट बंद होती, आणि मागे घरी सगळ्यांना वाटत असणार की आपला माणूस मेला किंवा फितूर झाला. ऑक्टोबरात आझाद हिंद सरकार स्थापन झालं, भोसले त्यात मंत्री झाले, सेनेचे सेनाध्यक्षांखालचे प्रमुख अधिकारी झाले, हे वैभव नंतरचं. त्या सहा महिन्यांत जे टिकून राहिले त्यांना कुठला उजेड दिसत होता हे मला समजून घ्यायचं असतं, आणि तिथं मला पुन्हा धारूरच्या वाटेवरचा तो मराठा सरदार दिसतो, दोन्हीकडून संशयित.

आणि तेरेखोलच्या पलीकडचं धारगळ ज्यांच्या आडनावात आहे ते कॅप्टन के. पी. धारगळकर. तिसऱ्या कॅव्हलरीचे. त्याच सिंगापूरच्या पाडावात कैद झालेले. त्यांनी आणि त्यांचे सोबती कॅप्टन हरी बधवार यांनी सेनेत जायचं नाकारलं. जपान्यांनी त्यांना पिंजऱ्यात कोंडलं. माणूस धड उभाही राहू शकणार नाही अशा जागेत दिवसामागून दिवस, आणि बाहेर यायची किल्ली एका होकारात. त्यांनी होकार दिला नाही. इंग्रजांवरच्या प्रेमापोटी? मला तसं वाटत नाही. सैनिकानं एकदा शब्द दिला की तो कैदेत बदलायचा नसतो, एवढ्या एका गोष्टीवर ते त्या पिंजऱ्यात तगले असावेत. आमच्या लहानपणी आझाद हिंद सेनेची गाणी होती, मिरवणुका होत्या. पिंजऱ्यातल्या धारगळकरांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. स्वातंत्र्याच्या गोष्टीत न बसणाऱ्या धैर्याची आपल्याला अडचण होते.

5 नोव्हेंबर 1945 ला लाल किल्ल्यात शाहनवाज खान, सहगल आणि धिल्लन यांच्यावर खटला उभा राहिला. राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा आरोप होता, शिवाय पळू पाहणाऱ्या सैनिकांच्या हत्येचाही. धारगळकर सरकारी पक्षाचे साक्षीदार होते. समोरच्या बाजूला भुलाभाई देसाई उभे होते, थकलेले, आजारी. पुढच्या मे महिन्यात ते गेले. त्यांनी मांडलं की स्वतःचं सरकार आणि शिस्तबद्ध सेना उभारून आपल्या सुटकेसाठी लढणाऱ्या लोकांना आंतरराष्ट्रीय कायद्यात युद्धाचा हक्क आहे, आणि त्या सैनिकांना एखाद्या खुनी माणसासारखं फौजदारी कायद्यानं तोलता येणार नाही. न्यायालयानं तिघांनाही राजाविरुद्ध युद्ध केल्याबद्दल दोषी ठरवलं, जन्मठेप काळ्या पाण्याची दिली. बाहेर देश पेटला होता. जानेवारी 1946 मध्ये सरसेनापती ऑकिनलेक यांनी जन्मठेप माफ केली. लष्करातून बडतर्फी कायम ठेवली.

कैदेत आपल्याच माणसांना मारहाण करून सेनेत ओढल्याच्या तक्रारी त्या आणि पुढच्या खटल्यांत आल्या. त्या सगळ्या बनावट होत्या असं म्हणून हात झटकणं मला पटत नाही. मोठ्या कामात गेलेल्या माणसांच्या हातूनही तुरुंगात दुबळ्यांचे हाल होतात. ते कबूल करूनही भुलाभाईंचं म्हणणं खरंच राहतं.

भोसल्यांवर खटला चालला नाही, ते सुटले. देश स्वतंत्र झाला. आणि मग तो निर्णय आला जो मला रायगडावरच्या आषाढाकडे परत नेतो: आझाद हिंद सेनेच्या माणसांना लष्करात परत घ्यायचं नाही. इतर नोकऱ्या मिळतील, मान मिळेल, पण फौजेत जागा नाही. ज्या फौजेत शपथ पाळणारे आणि शपथ मोडून देशासाठी लढलेले एकाच भोजनगृहात बसणार होते, ती फौज दुभंगेल ही भीती खरी होती. तरीही ज्यांच्या खटल्यानं साम्राज्याचा शेवट जवळ आणला त्यांना त्याच फौजेचं दार बंद व्हावं, हे दुखतं. धारगळकर त्या फौजेत चढत चढत लेफ्टनंट जनरल झाले. भोसल्यांनी गणवेश पुन्हा घातला नाही. 1952 साली ते उत्तर रत्नागिरीतून लोकसभेत गेले आणि पंडित नेहरूंच्या सरकारात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले.

पुनर्वसन. जयपूरच्या आदर्शनगरात, राजापार्कमध्ये फिरताना या खात्याचं काम पायाखाली असतं. मुलतान, सिंध, पंजाबातून उठून आलेली माणसं या वाळूत वसली. मुलतानच्या जैनांनी जिवापाड आणलेल्या मूर्ती आदर्शनगरच्या मंदिरात आहेत. सरळ आखलेल्या गल्ल्या, छोटे छोटे प्लॉट, आता त्यांवर चढलेले तीन-तीन मजले. घर गमावलेल्या लाखो लोकांच्या दाव्यांच्या फायलींवर घर गमावणं म्हणजे काय हे माहीत असलेल्या एका मराठी माणसानंही सह्या केल्या होत्या.

आमच्या गल्लीत एक म्हातारे मास्टरजी राहत. लहानपणी मुलतानकडून आलेले, शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले. निर्वासितांच्या पोरांमध्ये आईबापांपासून तुटलेली, रस्त्यावर वाढलेली कितीतरी होती. 1954 साली भोसल्यांनी दिल्लीतल्या कस्तुरबा निकेतनात अशा मुलांसाठी राष्ट्रीय अनुशासन योजना सुरू केली: कवायत, खेळ, गाणी, देशाच्या गोष्टी. ती पसरत गेली, आणि शिक्षक घडवणारी तिची संस्था आमच्या जयपूरपासून दोन-अडीच तासांवर, अलवरजवळ सरिस्क्याला होती. मास्टरजी तिथं तयार झालेले. भोसल्यांना ते अजून ‘जनरल साब’ म्हणत आणि म्हणताना वेताच्या खुर्चीत पाठ ताठ करत. एकदा त्यांचा नातू गणवेश घालून शाळेला निघाला होता. मास्टरजींनी त्याला थांबवलं, वाकले, त्याची मूठ उघडून अंगठा पँटच्या शिवणीवर सरळ टेकवला. “अंगूठा सिलाई पर,” म्हणाले. “बाकी सब अपने आप सीधा हो जाता है.” पोरगा हसत पळाला.

मी त्यांना विचारलं होतं, “मास्टरजी, सिंगापूरचं, जपानचं कधी कुणी सांगायचं का सरिस्क्याला?”

ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “बेटी, हम सब कुछ न कुछ छोड़कर आए थे. वहाँ कोई किसी से पूछता नहीं था.”

भोसले शेवटपर्यंत याच कामात राहिले. 1963 साली गेले. दोन वर्षांतच ती योजना दुसऱ्या योजनेत विरून गेली.

पन्नाशीच्या त्या दशकात भोसले आणि धारगळकर दोघेही एकाच प्रजासत्ताकाची सेवा करत होते: एक मंत्रालयात, एक फौजेत. एकानं कैदेत हो म्हटलं, एकानं कैदेत नाही म्हटलं, आणि दोघांनाही आपापल्या उत्तराची किंमत माहीत होती. आपल्याकडे भोसल्यांवर थोडंबहुत लिहिलं गेलं, धारगळकरांवर मराठीत मला काही मिळालेलं नाही. नेताजी पालकरावर कादंबऱ्या आहेत, पण रामसिंगाचा आग्र्यातला पावसाळा त्यांच्या कडेकडेनंच जातो. तेरेखोलच्या दोन काठांचे हे दोन सैनिक, आणि आमेरचा तो हमी घेऊन बसलेला तरुण राजपूत, एकाच पुस्तकात यायला हवेत. ज्यांना जयपूरचं दप्तर आणि लाल किल्ल्याच्या खटल्याची कागदपत्रं वाचता येतात अशी तरुण माणसं मराठीत आहेत. त्यांच्यापैकी कुणीतरी ते हाती घ्यावं, आणि त्यात धारगळकरांच्या पिंजऱ्याला भोसल्यांच्या मंत्रिपदाइतकीच पानं द्यावीत.